आठशे शब्दांत न मावलेली ताई

नाही नाही, तुम्ही बोलू नका. बोलायचा प्रयत्नसुद्धा करू नका — इंजेक्शन दिल्यावर बोललं की माणूस स्वतःचाच गाल चावतो, तेव्हा कळत नाही, आणि मग घरी जाऊन बधिरपणा उतरला की बसा बोंबलत. तुम्ही आपले मान हलवा. हो असेल तर खाली-वर, नाही असेल तर आडवी. मासिक? वाचायला मासिक हवंय का? आहेत की त्या टेबलावर — ते घ्या, गाड्यांचं आहे. जुनं आहे? असू दे हो, गाड्यांना काय, तेव्हाही चारच चाकं होती. नवं पाहिजे? नवं मला तर काही दिसत नाहीये. मघाशी होतं? सगळ्यांच्या वर होतं? बरं. तुम्ही असं माझ्या खुर्चीकडे बघताय म्हणजे मी बसताना तुम्ही पाहिलंय. मग लपवून काय उपयोग. हो, मी त्याच्यावर बसलेय. चुकून नाही, ठरवून बसलेय, आणि एवढ्यात उठणार नाहीये. तुम्ही ते गाड्यांचं वाचा, नाहीतर ते काचेच्या पेटीतले मासे बघा. मासे बघितले की दुखणं विसरतं म्हणतात — म्हणजे कोण म्हणतं, मीच म्हटलंय एकदा, एका आरोग्याच्या मासिकात. खरं खोटं मला माहीत नाही.

मी लेख लिहिते. नाही, नोकरी नाही, मुक्त लेखन — मुक्त म्हणजे कुणीही कधीही 'नको' म्हणायला मुक्त. आता तुमचं तोंड चालत असतं तर तुम्ही काय विचारलं असतंत ते मला ठाऊक आहे. सगळे तेच विचारतात. विषय कसे सुचतात हो तुम्हाला? असं विचारतात आणि लगेच गप्प होतात, जसं काही मी आता त्यांच्याच खिशात हात घालणार आहे. तर मी सांगते, लपवायचं काही नाही त्यात. विषय सुचत नसतात, पडलेले असतात. कान तेवढे उघडे ठेवायचे. माझ्या नवऱ्याचं घोरणं आहे ना, ते मी तीनदा दिलंय — एकदा आरोग्याच्या पानाला, एकदा विनोदी पुरवणीला आणि एकदा 'सहजीवनातले आवाज' म्हणून, त्याला तर पत्रंही आली. वरच्या मजल्यावरच्या बाईंचं आणि त्यांच्या सुनेचं फ्रीजमधल्या कप्प्यांवरून वाजलं, तर 'घरातल्या सीमारेषा'. नावं मी कधीच घालत नाही. 'माझ्या परिचयातल्या एक बाई' असंच लिहिते. आता त्यांना कळलं त्यात माझा काय दोष, फ्रीजचा रंग तेवढा लिहिला होता मी.

पण ह्याचं एक होतं. हळूहळू लोक तुमच्यासमोर बोलायचे बंद होतात. मी लिफ्टमध्ये शिरले की लिफ्ट गप्प. नवरा माझ्याशी फक्त हवामानावर बोलतो — आज ढग आहेत, आज ढग नाहीत. मुलगा शिकायला बाहेर आहे, तो फोन करतो ते त्याच्या बाबांना, आणि शेवटी म्हणतो, आईला सांगू नका हं, ती छापेल. हे मला कसं कळलं? दाराआडून. आता दाराआडून ऐकलं म्हणून लगेच वाईट वाटून घेऊ नका, मी काही रडत बसले नाही, मी त्याच्यावर लेख केला — 'मुलं आईला काय सांगत नाहीत'. चांगला झाला होता. मुलाला दाखवला नाही.

तर विषय आटत जातात. आणि संपादक — आता ज्याच्या मासिकावर मी बसलेय तो संपादक — त्याला ताजं लागतं. फोन उचलल्या उचलल्या म्हणतो, ताजं काहीतरी द्या हो. जसं काही मी भाजीची गाडी लावलीये. मी सांगायचं, आजी-आजोबांचा एकटेपणा. तो म्हणतो, झालंय. मुलांच्या हातातले मोबाईल — झालंय. घरात झाडं — तुम्हीच दिलंय, दोनदा. आणि वरून घाई. मासिकाचं कसं असतं, लेख आज लिहायचा आणि यायचा चार महिन्यांनी. म्हणजे भर उन्हाळ्यात मी थंडीत ओठ फुटतात त्याच्यावर लिहीत बसते, आणि कपाळावरचा घाम कीबोर्डवर पडतो. थंडीत लिहायचं, आंघोळ दोनदा करा. वर्ष संपलेलं नसतं आणि मी 'सरत्या वर्षाने काय शिकवलं' लिहून मोकळी. आता ह्याला कुणी खोटं म्हणतं का? नाही म्हणत. कारण थंडी येतेच ना. ओठ फुटतातच. मी फक्त आधी लिहिते, एवढंच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काय झालं — त्याने काढायचा ठरवला विशेषांक. 'तुटलेलं पुन्हा जोडताना'. म्हणजे नाती हो, कपबश्या नाहीत. मी म्हटलं, माझ्या एका मैत्रिणीचं आणि तिच्या नणंदेचं... तो म्हणाला, परिचयातल्या बायका पुरे झाल्या, स्वतःचं द्या. मी म्हटलं, शाळेतल्या बाईंशी माझं — झालंय. शेजारी — झालंय. आणि तो आता फोन ठेवणार हे मला त्याच्या श्वासावरून कळलं, इतकी वर्षं कळतंच, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की माझा माझ्या सख्ख्या बहिणीशी चार वर्षं अबोला होता आणि तो मिटला.

तर ह्या वेळी 'झालंय' म्हणाला नाही तो. म्हणाला, कधी मिटला? मी म्हटलं, नुकताच.

मिटला नव्हता. म्हणजे — अजून मिटलेला नाहीये. असे डोळे मोठे करू नका, गाल ओढला जाईल. मी सरळ हिशेब केला, अंक यायला चार महिने आहेत, चार महिन्यांत कधीतरी जाऊन मिटवून टाकू. आत्ता लिहून ठेवायचं. थंडीसारखं. मी खोटं बोलले नाही, मी आधी बोलले.

अबोला कशावरून, ते काही विशेष नाही. लहानसं आहे. बाबा गेले त्या वर्षी एका दैनिकाने वडिलांवर पुरवणी काढली, आणि मी टाकीची गोष्ट दिली. आमच्या गच्चीवर पाण्याची मोठी टाकी होती, सिमेंटची, आणि तिच्यावर लोखंडी झाकण. मी लहान, पहिली-दुसरीत असेन. बडबडी फार — मला घरात नाव पडलं होतं टकळी, सतत चालू म्हणून, पण ते नाव शेवटी एकटी ताईच घ्यायची. आता हे मी कुणाला सांगत नाही. लेखातही घालत नाही, संपादक लगेच विचारणार टकळी म्हणजे काय, कंसात द्या. तर झाकण उघडं होतं आणि मी आत वाकून बडबडत होते, आवाज घुमतो का बघायला. घुमत होता छान. आणि गेले आत. ताई मागेच होती. ती टाकीच्या काठावर पालथी पडली आणि तिने माझी वेणी धरली, मनगटाला दोन वेढे देऊन धरली. आणि ती ओरडली नाही. ओरडायला श्वास लागतो आणि श्वास सोडला की हात सुटेल, असं तिला वाटलं असणार. ती मला म्हणाली, टकळे, तू ओरड. तुला येतं. मला धरायचंय.

मग मी ओरडले. माझा आवाज टाकीत असा काही घुमला की बाबा खालून धावत आले आणि त्यांनी मला काढलं. ताईच्या हाताचं कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालं होतं. डाग आहे अजून. तोच हात हो — तोच हात आत्ता तुमच्या तोंडात होता.

हो. म्हणजे काय. तुम्हाला काय वाटलं, मी ह्या दवाखान्यात मासे बघायला आले? आतली डॉक्टर म्हणजे माझी ताई. सख्खी. हळू, असं दचकू नका, ती काउंटरवरची बाई इकडेच बघतेय.

तर तो लेख. आठशे शब्द दिले होते. आठशे म्हणजे किती, तुम्हाला अंदाज नाही यायचा, खूप वाटतात आणि नसतात. बाबांची छत्री, बाबांचा चष्मा, बाबा भाजी कशी निवडून घ्यायचे, हे सगळं घालून टाकीपर्यंत आले तर जागाच उरली नाही. मग मी लिहिलं — मी पडले, मी ओरडले, बाबा धावत आले आणि त्यांनी मला वर काढलं. संपलं. वडिलांवरची पुरवणी होती ना शेवटी. बहिणींवरची असती तर बहीण घातली असती. आणि गंमत सांगू का, तो लेख इतक्या लोकांनी वाचला, इतके फोन आले, पण मी पडल्यापासून बाबा येईपर्यंत मधल्या वेळात पाण्यावर राहिले कशी, हे एकाही माणसाने विचारलं नाही. म्हणजे कापलेलं बेमालूम होतं. मला तर जरा बरंच वाटलं होतं त्याचं.

ताईचा फोन आला संध्याकाळी. मी म्हटलं, आवडला का? ती म्हणाली, मी कुठेय? मी म्हटलं, ताई, शब्दमर्यादा होती. मग म्हणाली, आठशे शब्दांत मी मावले नाही? आणि ठेवला फोन. बाबा स्वतः काय म्हणायचे माहितीये, कुणी कौतुक केलं की म्हणायचे, अहो मोठीने वेणी धरली नसती तर मी काय घागर काढणार होतो टाकीतून? बाबा असते तर त्यांनीच कान धरला असता माझा. पण ते असते तर पुरवणी — असो. मी काही चोरी केली नव्हती. मी कापलं नव्हतं, मर्यादेनं कापलं होतं. हे मी तिला समजावणार होते, दुसऱ्या दिवशी फोन करून. मग म्हटलं जरा शांत होऊ दे तिला. मग ती इतकी शांत झाली की आता फोन करायला काही कारणच सापडेना. कारण म्हणजे शेवटी विषयच. इतरांसाठी मला पायलीला पन्नास सापडतात.

मग विशेषांकासाठी लिहायला बसले. आणि काय सांगू, असा लेख माझ्या हातून पूर्वी उतरला नव्हता. वेणी आली, मनगट आलं, 'तू ओरड' आलं, सगळं सगळं आलं — ह्या वेळी सढळ जागा होती, चार पानं, शिवाय चित्र. आणि शेवटी मी तिच्या दारात जाते. बेल वाजवते. इथे मी दोन दिवस अडकले. दार उघडून ती काय म्हणेल? आधी मी तिला रडवली, ते तिला शोभेना. मग तिला एक मोठं भाषण दिलं क्षमेवर, ते तर वाचून मलाच हसू आलं, ताई आणि भाषण! ती दाढ काढतानासुद्धा 'उघडा' आणि 'थुंका' एवढंच म्हणत असेल. म्हणते ना? बघा. मग सुचलं. ताई दार उघडते, माझ्याकडे बघते आणि म्हणते, 'उशीर केलास. आत ये.' बास. एवढंच. असं साधं वाक्य सुचायला फार वेळ लागतो हो, आणि लोकांना वाटतं हिने सहज लिहिलं.

त्याच्यानंतर मी काय म्हणते, तो शेवटचा परिच्छेद होता. लांब होता जरा. त्यात मी — जाऊ दे, तो कापला त्याने. काल माझ्याकडे अंक आला टपालाने, उघडून बघते तर लेख ताईच्या वाक्यावर बंद. खाली गुडघ्याच्या तेलाची जाहिरात, एक म्हातारा जिना चढतोय हसत. मी तडक फोन लावला. तर संपादक म्हणतो, तिथेच संपलं की जास्त छान वाटतं. शिवाय जागा नव्हती. मी म्हटलं, अहो, अख्ख्या लेखात माझं बोलणं तेवढंच होतं, जागा नव्हती म्हणजे काय? चार पानांत मी मावले नाही?

...

हं. मग मी फोन कानापासून लांब धरला. तो हॅलो हॅलो करत होता.

चार महिने काय करत होते, असंच विचारताय ना तुम्ही त्या भुवयांनी? मला शेवटच्या तारखेशिवाय काही होत नाही. पंचवीस वर्षांची सवय आहे. तारीख दिली नाही तर मी दात घासणार नाही — आता इथे बसून हे बोलू नये. पहिल्या महिन्यात म्हटलं, अजून खूप वेळ आहे. मग म्हटलं, लेखात आपण दारात गेलो तेव्हा संध्याकाळ होती, तर संध्याकाळीच जाऊ. मग एकदा गेलेही, तिच्या बिल्डिंगच्या खालपर्यंत, तर वर दिवा दिसला आणि मी परत फिरले. फोन हातात घेऊन बसायचे. फोन लावायची भीती का वाटते, ह्याच्यावर एक लेख झाला त्यातून, दिला एका पुरवणीला. आला छापून. म्हणजे तुम्ही बघा, त्यातूनही विषय निघतो, फोन निघत नाही.

आणि काल तो अंक हातात आला, म्हणजे शेवटची तारीख आली. कारण हे मासिक ताईकडे येतं. इथे, दवाखान्यात, ह्याच टेबलावर. मी पहिल्यांदा ह्याच्यात छापून आले ना, तेव्हा तिने वर्गणी भरली होती — म्हणाली होती, माझे पेशंट भीतीने अर्धमेले असतात, त्यांनी तुझं वाचलं तर पूर्ण मरतील, बरं पडेल मला. अशी आहे ती. नंतर अबोला झाला तरी चालूच राहिली वर्गणी. बंद करायला विसरली असेल. दर वर्षी नव्याने भरावी लागते खरी... पण विसरली असेल, कामाची माणसं असतात.

तर मी ठरवलं, तिने वाचायच्या आत जायचं. सकाळी उघडताना आले. नंबर लावला तो सासूबाईंच्या माहेरच्या आडनावाने, दाढ दुखते म्हणून. दुखत काही नाहीये. येऊन बघते तर अंक टेबलावर हजर, सगळ्यांच्या वर, चकचकीत. मी म्हटलं, वाचले. आत्ताच आला असणार, पिशवीतून काढून त्या बाईंनी ठेवला असणार. मग बसले वर; मघाशी काउंटरवर विचारायला उठले तेवढा वेळ परत टेबलावर ठेवला होता, तेव्हाच तुम्ही पाहिलंत. आता बेत असा आहे की नंबर आला की आत जायचं, खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं. चेहऱ्याकडे ती बघत नाही कुणाच्या, पण माझे वाकडे सुळे ती झोपेतही ओळखेल, लहानपणी तिनेच हसून हसून नाव ठेवलं होतं त्यांना. आणि तोंडात तिचा तो आरसा असल्यावर मला काही बोलता येणार नाही. म्हणजे आयुष्यात एकदा ती बोलेल आणि मी ऐकेन. तिला काय म्हणायचंय ते म्हणू दे. मग चूळ भरून मी म्हणेन — ते मी तेव्हा बघेन.

फक्त नंबर येत नाहीये. त्या निळ्या पर्सवाल्या बाई माझ्यामागून आल्या आणि हसत घरीही गेल्या. ते गृहस्थ कवळी घेऊन गेले. तुम्ही आलात, इंजेक्शन घेऊन बाहेर आलात. मी विचारलं काउंटरवर, तर ती बाई म्हणते, डॉक्टरांनी सांगितलंय तुम्हाला मध्ये घ्यायचं नाही, तुम्हाला वेळ लागेल. आता दाढ न बघताच त्यांना कसं कळलं वेळ लागेल ते? तुम्हाला काय वाटतं? मान हलवा की. दोन्हीकडे नका हलवू, एक काहीतरी ठरवा.

बरं, तुम्हाला बघायचाय का लेख? नाही, तुम्ही चांगले आहात, इतका वेळ कुणी माझं ऐकून घेत नाही — म्हणजे तुम्हाला पळता येत नाहीये हे कळतं मला, तरी. थांबा, उठते जरा. चुरगळलं थोडं. तिकडे धरा, नाहीतर काउंटरवरून दिसेल. मधली पानं आहेत, चित्रात दोन मुली काढल्यात बघा, ताईला उगाच घारे डोळे दिलेत. ते — ते पान आपोआप कसं उघडलं? दाखवा. कोपरा दुमडलाय इथे. तुम्ही नाही दुमडलात ना? तुम्ही तर हातही लावला नव्हता. मीही नाही, मी फक्त बसले, आणि बसून असा कोपरा दुमडत नाही. असा त्रिकोण, नखाने ओढून पक्का केलेला. पानं अशी कोण दुमडतं ते मला चांगलं माहितीये. माझ्या सगळ्या पुस्तकांची वाट लावलीये तिने अशी, मारामाऱ्या झाल्यात आमच्या त्यावरून.

म्हणजे पिशवीतून काढून नाही ठेवला. आधी वाचून मग ठेवला. सगळ्यांच्या वर ठेवला.

आणि मी आल्यावर तिने त्या काउंटरवरच्या बाईंना सांगितलं, हिला मध्ये घेऊ नका. नाव सासूबाईंच्या माहेरचं. त्यांचे दात हिनेच केले होते की, मीच घेऊन आले होते त्यांना, आणि त्या बोलतात ते सगळं माहेरचंच. मी म्हणजे अगदी कमाल आहे. म्हणजे सकाळपासून ती दाराच्या पलीकडे बसून लोकांच्या दाढा कोरतेय आणि तिला ठाऊक आहे की मी इथे तिच्या मासिकावर बसलेय. आणि हे दार काय, पातळ प्लाय आहे. तुम्ही आत होतात तेव्हा बाहेरचं ऐकू येत होतं का हो? माझी बडबड-बिडबड, ती ऐकू येत होती? आता मान का नाही हलवत?

आत मशीन बंद झालं. मघापासूनच बंद आहे का? माझ्या लक्षात नाही आलं.

थांबा. कडी वाजली. तुम्ही उठू नका, अजून बधिर व्हायचाय तुमचा गाल. ती काउंटरवरची बाई नाहीये. ताई आहे. मास्क काढलाय तिने. केस पांढरे झालेत हो तिचे पुढून — मी लेखात काळेच ठेवले होते.

काय म्हणाली? ऐकलंत ना तुम्ही? 'टकळे, उशीर केलास. आत ये.' असंच म्हणाली ना? मान हलवा, पटकन. हो ना? पुढचं माझं आहे. ते मी लिहिलेलं आहे, जसंच्या तसं. पण ते पहिलं मी नव्हतं लिहिलं. ते मी कुठेच लिहिलं नव्हतं.

आता थांबलीये ती. दार धरून उभी आहे, त्याच हाताने. माझी वाट बघतेय. तिला पुढचं माहीत नाही ना, छापलंच नाही त्याने. द्या, ते मासिक द्या जरा इकडे, मी काय म्हणाले होते ते — नको. राहू द्या. त्यात नाहीये ते.

तुम्ही आता जरा त्या माशांकडे बघा.